लाल दिव्याआधीचा प्रश्न

वैजयंती साळवीचा नंबर तिच्या सख्ख्या भावालासुद्धा पाठ नव्हता, पण तो सव्वाचार लाख निळ्या पिंपांवर छापलेला होता. धोक्याच्या लाल चौकोनाखाली, कंपनीच्या नावाच्या वर: 'आपत्कालीन संपर्क: वैजयंती साळवी, एम.एस्सी., चोवीस तास.'

तिचं नाव तिथे गेलं तेव्हा ती चाळिशीची होती. कायदा नुकताच झाला होता. धोकादायक रसायनाच्या प्रत्येक पिंपावर एका जिवंत, शिकलेल्या माणसाचं नाव हवं आणि पिंप वापरात असेपर्यंत त्या नंबरावर वीस सेकंदांत उत्तर मिळायला हवं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पिंपातलं रसायन असावं. ते महिन्या-दोन महिन्यांत संपतं. पिंप पंचवीस वर्षं टिकतं.

चिपळूणजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीत कंपनीने तिला कारखान्याला लागूनच क्वार्टर दिलं. क्वार्टरमधून उठून फोनच्या खोलीत जायला बारा पावलं लागत. खोलीत दुहेरी जोडणीची तार होती, कारण मोबाइलच्या भरवशावर वीस सेकंदांची हमी देता येत नाही. पहिली तेरा वर्षं तिने फोन स्वतः घेतले, रात्रपाळीच्या सोबतिणीची फक्त झोपेपुरती मदत घेऊन. मग आवाज आला.

आवाज म्हणजे तिचाच आवाज. तेरा वर्षांतल्या नोंदलेल्या एकतीस हजार संभाषणांवरून यंत्र शिकलं होतं. काय बोलायचं, कुठे थांबायचं, घाबरलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाक कधी मारायची. रसायनांची माहितीपत्रकं त्याला मुखोद्गत होती. फोन करणाऱ्याने लेबलवरचा पाच आकडी क्रमांक वाचला की ते पत्रक उघडे आणि वैजयंतीच्या तोंडून बोलू लागे. स्वतःच्या उत्तराबद्दल त्याची खात्री एका मर्यादेखाली गेली, तर फोन खऱ्या वैजयंतीकडे येई. नियमाप्रमाणे सुरुवातीला एक बारीक सूर वाजे. तो सूर म्हणजे 'यंत्र बोलतं आहे' ही खूण, हे माहितीपत्रकाच्या सोळाव्या आणि शेवटच्या भागात छापलेलं होतं. तिथवर आजपर्यंत कोणी वाचलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

"तुझ्यापेक्षा तो आवाज बरा," तिचा नवरा दिगंबर म्हणायचा. "पिंप सांडलं तरी खेकसत नाही. माझ्या हातून दूध सांडलं की तू काय करतेस ते आठव."

एसटीच्या चिपळूण आगारातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. त्याला माळकोंडला, आपल्या गावी राहायला जायचं होतं. पण माळकोंडात मोबाइलची रेंज म्हणजे वाऱ्याची मर्जी. पिंपावर नाव असलेल्या हमीदाराला तिथे राहता येत नव्हतं. खात्री ढळलेले फोन आठवड्याला पाच-सहाच येत, पण ते कधी येतील हे माहीत नसल्यामुळे वैजयंतीला बारा पावलांपलीकडे जाता येत नव्हतं. बहिणीच्या मुलीचं लग्न तिने पडद्यावर पाहिलं. वडिलांच्या दहाव्यालासुद्धा ती चार तासांची बदली सोबतीण मिळाल्यावरच जाऊ शकली.

या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आवाजाने सलग सहा वर्षं माहितीपत्रकाबरहुकूम उत्तरं दिली असतील, तर जिवंत माणसाला मोकळं करता येईल. नाव आणि आवाज तोच राहील, माणूस मात्र घरी जाईल. याला 'कायम हमी' म्हणायचं.

दिगंबर महिनाभर आधीच माळकोंडला गेला. स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी पाडतोय, असं त्याने कळवलं होतं. "ओट्यापाशी उभी राहिलीस की थेट खाडी दिसेल. सही केलीस की लगेच ये. गवंडी विचारतोय, गज किती अंतरावर हवेत. ते मी ठरवणार नाही."

*

सह्या शुक्रवारी सकाळी दहाला फोनच्या खोलीतच होत्या. कारखान्याचे प्रमुख वागळे पेढे घेऊन आले होते. आवाजाची देखभाल करणारी मिताली पडदा लावून बसली होती. सत्तावीस वर्षांची, वैजयंतीला 'मॅडम' म्हणणारी आणि तिच्या डब्यातली भाजी हक्काने खाणारी मुलगी.

"दोन टप्पे आहेत, मॅडम," मिताली म्हणाली. "पहिल्या अंगठ्याने तुमची चावी निघते. म्हणजे चालू फोनमध्ये मध्येच बोलायचा तुमचा अधिकार संपतो. मग पुण्याच्या नोंदणी कार्यालयाचा होकार येतो आणि दुसऱ्या अंगठ्याने कायम हमी लागते. मध्ये दहा-पंधरा मिनिटं जातील."

"तेवढ्यात पेढे खाऊ," वागळे म्हणाले. "एकोणीस वर्षं, साळवी मॅडम! एकही तक्रार नाही. आवाजाचा निकाल पाहिलात ना? शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

वैजयंतीने काचेवर अंगठा टेकवला. पडद्यावरची तिच्या नावाची हिरवी पट्टी करडी झाली. इतकी वर्षं मानेवर असलेलं कुणीतरी उतरून बाजूला उभं राहावं, तसं तिला वाटलं.

पडद्याच्या उजव्या बाजूला चालू फोनांची यादी सरकत होती. अंकलेश्वर, गळती, हातावर. कोल्हापूर, चौकशी. मग एक नाव आलं आणि तिचा हात पेढ्यावर थांबला.

माळकोंड, ता. राजापूर. कॉस्टिक सोड्याचं द्रावण. सांडलं आहे.

"हा ऐकव," ती म्हणाली.

मितालीने आवाज मोठा केला.

"...बरं झालं वहिनी, तुम्हीच उचललात," एक पुरुष धापा टाकत बोलत होता. "सदाशिव बोलतोय. तुम्ही दिलेलं ते पिंप, पंपघरातलं, बुडाला चिरलं. तीन-चार बादल्या सांडलं असंल. पायाला झोंबतंय."

सदाशिव दिगंबरचा चुलत भाऊ. गावाच्या नळाचं पाणी तोच सोडायचा.

"घाबरू नका, सदाशिव," वैजयंतीचा आवाज म्हणाला. "पाय आधी भरपूर पाण्याने धुवा. लेबलवरचा क्रमांक पुन्हा एकदा वाचून दाखवा."

सदाशिवने क्रमांक वाचला. तो बरोबर होता. लेबल अजून शाबूत होतं.

वैजयंती उठून उभी राहिली. ते पिंप तिच्या डोळ्यांसमोर आलं. कंपनी दर दिवाळीला कामगारांना मिठाईच्या खोक्याबरोबर दोन रिकामी पिंपं द्यायची. कायद्याने ती कापून टाकायची असत. पण एवढं चांगलं पिंप कापणार कोण? लोक ती तीन-चारदा धुऊन पाणी साठवायला नेत. अकरा वर्षांपूर्वी तिच्या वाट्याचं एक पिंप तिने स्वतः सोडा-लिंबू लावून घासलं आणि माळकोंडच्या ग्रामपंचायतीला दिलं. पंपघरात ठेवायला. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, कालवायला.

"मिताली, फोन माझ्याकडे घे. त्या पिंपात कॉस्टिक नाहीये. ब्लीचिंग पावडर आहे."

"घेता येत नाही, मॅडम. तुमची चावी निघालीय."

"मग बंद कर."

"बंद केला तर वीस सेकंदांत दुसऱ्या संचावर जोडला जाईल. तिथेही हाच आवाज आहे." मितालीची बोटं चालूच होती. "चावी परत मागते पुण्याकडे. बारा मिनिटं दाखवतंय."

"जमिनीवरचं द्रावण तसंच ठेवू नका," आवाज सांगत होता. वैजयंती स्वतः बोलली असती, तशीच ठाय लय. "त्यावर सौम्य आम्ल ओतून ते मारायचं आहे. व्हिनेगर, लिंबाचा रस, जवळ असेल ते आंबट. हळूहळू ओता."

"कोकमाचं आगळ चालंल? हिच्याकडं दोन कॅन भरून आहे."

"आगळ चालेल."

आगळ हा शब्द आवाजाला तिनेच शिकवला होता. कोकणातल्या घरात व्हिनेगर कुठून असणार, म्हणून कॉस्टिकच्या किती फोनांना तिने आगळ सांगितलं होतं!

"गे, आगळाचे कॅन आण! दोन्ही आण!" सदाशिव कुणाला तरी ओरडून सांगत होता.

"कुणी मूल किंवा जनावर आत येऊ नये म्हणून दार लावून घ्या," आवाज म्हणाला. "आणि फोन ठेवू नका. काम होईपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे."

वैजयंतीने आपल्या मोबाइलवरून सदाशिवला फोन लावला. तो दुसऱ्या फोनवर बोलत होता. अर्थातच. तो तिच्याशीच बोलत होता.

ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन असतो, पण चुन्याच्या संगतीत बांधलेला. पाण्यात मिसळलं की तो थोडाथोडा सुटतो आणि जंतू मारतो. आम्ल घातलं की बंधन एकदम तुटतं. पिवळट हिरवा वायू उसळतो. तो हवेपेक्षा अडीचपट जड असतो, वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि बंद खोलीत गुडघ्यापासून वर चढत जातो. फुप्फुसातल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की पुन्हा आम्ल होतं. हे बारावीच्या पुस्तकातलं रसायनशास्त्र होतं. तिला ते एकोणीस वर्षांत कधी विसरायला झालं नव्हतं, आणि आत्ता तिच्याच तोंडून त्याच्या नेमकं उलट बोललं जात होतं.

तिने दिगंबरला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"साळवी मॅडम, खाली बसा," वागळे म्हणाले. "आवाज लेबलप्रमाणे बरोबर सांगतोय."

तिसऱ्यांदा घंटी वाजली.

"काय, झाली का सही?" दिगंबर म्हणाला. मागे छिन्नी-हातोड्याचा ठोका ऐकू येत होता. "गज चार इंचांवर..."

"अहो, ऐका. पंपघराकडे धावा. सदाभावजी टीसीएलवर आगळ ओततायत. ओतू देऊ नका. ओतलं असेल तर आत जाऊ नका, बाहेरून दार सताड उघडा. वारा येतो त्या बाजूला उभे राहा. खाली वाकू नका. कळलं?"

"आगळ? कुणी सांगितलं त्याला हे?"

"मी," वैजयंती म्हणाली. "धावा."

*

पुढची सात मिनिटं तिने पडद्यासमोर उभी राहून ऐकली. कॅनचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ओतल्याचा.

"फेस येतोय, वहिनी."

"थोडा फेस येणं अपेक्षित आहे. हळू ओता."

खोकला आला. मग मोठा खोकला.

"वहिनी, डोळं..."

आता कुठे आवाजाची खात्री ढळली. पडद्यावर आकडा घसरत गेला आणि मर्यादेखाली पोचला. फोन हमीदाराकडे पाठवत आहोत, अशी ओळ झळकली. हमीदाराच्या जागी करडी पट्टी होती. ओळ तशीच लुकलुकत राहिली.

आणि मग लांबून, खोकल्याच्या आरपार, दिगंबरची आरोळी आली. "सद्या! अरे दार उघड, सद्या!" काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. लोखंडी दार भिंतीवर आदळलं. फोन खाली पडला असावा, कारण त्यानंतर फक्त जमिनीवरचा बुडबुडणारा फेस ऐकू येत राहिला.

बाराव्या मिनिटाला पुण्याहून चावी परत आली आणि तिच्या नावाची पट्टी पुन्हा हिरवी झाली.

*

दुपारी दोनला दिगंबरचा फोन आला. त्याचा घसा फाटल्यासारखा वाटत होता.

"राजापूरच्या दवाखान्यात आहोत. सद्याला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतायत, वाचेल, पण फुप्फुसाचं आत्ताच सांगता येत नाही. आठवडाभर इथेच."

"तुम्ही?"

"मी ठीक. जरा वाकावं लागलं."

"मी सांगितलं होतं वाकू नका म्हणून."

"तो खाली पडलेला होता, वैजू. न वाकता उचलू कसा?" तो खोकला. "शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला माहितीये? वहिनी एवढ्या शांतपणे सांगत होत्या, मला संशयच आला नाही. मी त्याला म्हटलं, ती नव्हती ती. तर माझ्याकडे असा बघतोय, जसा काही मी बायकोची चूक झाकतोय."

वैजयंतीने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"झाकतोय का मी?" दिगंबरने हळूच विचारलं.

"थोडी," ती म्हणाली. "संध्याकाळी सांगते."

*

वागळे खोलीत आले तेव्हा पेढ्यांचा खोका तसाच होता.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण आपली चूक शून्य. लेबलवर कॉस्टिक, उत्तर कॉस्टिकचं. पिंपात लोकांनी काय भरलं त्याला आवाज काय करणार? कायम हमीला पुण्याचा होकारही आलाय, तो सहापर्यंत चालतो. दुसरा अंगठा लावून टाका, आणि जा नवऱ्याकडे. तुमची गरज तिथे आहे."

हे सगळं खरं होतं. अंगठा टेकवायचा, चारची गाडी पकडायची. तिला गाडीची खिडकीसुद्धा दिसली.

"मिताली," ती म्हणाली, "आवाज ज्या एकतीस हजार फोनांवरून शिकला, त्यांतल्या कुठल्याही एका फोनची सुरुवात लाव. अगदी पहिलं वाक्य."

मितालीने लावलं. तरुण वैजयंतीचा आवाज आला: "तुमचा तक्रार क्रमांक लिहून घ्या."

"आणखी एक."

"तुमचा तक्रार क्रमांक लिहून घ्या."

"हे पहिलं वाक्य नाही," वैजयंती म्हणाली. "याच्या आधी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे. पिंपात आत्ता काय आहे? मूळचाच माल असेल तर हे लाल बटण दाबायचे. दिवा लागला की नोंद सुरू, मग क्रमांक. पिंप दुसऱ्याच कामाला लावलेलं असेल तर बटण दाबायचंच नाही. उत्तर पूर्ण द्यायचं, पण नोंद नाही. तेव्हाच्या मोठ्या साहेबांची तशी सूचना होती. नोंद झाली असती, तर रिकामी पिंपं आपण बाहेर देतो हे कागदावर आलं असतं."

वागळ्यांनी दार लोटलं. "मॅडम, मोठे साहेब आता हयात नाहीत."

"मी आहे. आणि मला ते चुकीचं वाटलं नव्हतं. उत्तर तर मिळतंय ना लोकांना, नोंदीचं काय एवढं. असं वाटायचं." तिने लाल बटणाकडे पाहिलं. बोटाने घासून त्याचा मधला रंग उडाला होता. "फोनांतला प्रत्येक पाचवा तसा असायचा. कुणी रॉकेल भरलेलं, कुणी फिनेल, कुणी बागेवरचं औषध. त्यांतला एकही आवाजाने ऐकलेला नाही. त्याला वाटतं, पिंपात नेहमी लेबलवरचंच असतं. त्याच्या जगात दुसरं कधी घडलेलंच नाही."

"पण गेल्या सहा वर्षांत असे फोन आले असतील की," मिताली म्हणाली. बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला.

"काही गोंधळाचे माझ्याकडे आले. सवयीने मी तेव्हाही बटण आधी दाबलं नाही. बाकीच्यांना आवाजाने लेबलप्रमाणे सांगितलं. बहुतेकांना भरपूर पाण्याने धुवा एवढंच सांगितलं असेल. त्याने बिघडत नाही." ती थांबली. "बहुतेकांचं."

"प्रश्न घालता येईल, मॅडम," मिताली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत घालते. पण समोरच्याने सांगितलं की दुसरंच काहीतरी आहे, काय ते माहीत नाही, तर पुढे? तुम्ही काय करायचा?"

"वास विचारायचे. कुठल्या दुकानातून आणलं, दुकानदार ते कशात मापून देतो. बोटाला बुळबुळीत लागतं की खरखरीत. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येतोय का, मशीनचा येतोय का, ते ऐकायचे."

"हे कुठल्याच पत्रकात नाही." मितालीने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे वळली. "मग नियम एकच लावता येतो. पिंपात दुसरं काही असेल तर फोन थेट हमीदाराकडे. जिवंत. आणि नोंद पहिल्या घंटीपासून. असे निदान चार हजार फोन जमले, तर आवाज ते शिकेल."

वर्षाला असे फोन किती येतील, याचा हिशेब तिघांनीही मनातल्या मनात केला. कमीत कमी सहा-सात वर्षं निघत होती.

"मी हे वर कळवलं तर चौकशी लागेल," वागळे म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच उतरला होता. "तुमच्यावरही. आणि तुमच्या जागी दुसरं नाव टाकायचं, तर सव्वाचार लाख पिंपं शोधून लेबलं बदलावी लागतील. ती कुठे आहेत, देवाला ठाऊक. तुम्ही सुटणार नाही, मॅडम. पेन्शनीचं वय उलटलं तरी नाही."

"मला माहीत आहे."

"आणि अंगठा लावलात तर आत्ता, या क्षणी सुटता."

वैजयंतीने काचेकडे पाहिलं. तिच्या नावाची हिरवी पट्टी शांतपणे उजळली होती, दुसऱ्या अंगठ्याची वाट पाहत. तिने हात मागे घेतला, साडीच्या पदराला पुसला आणि पेढ्यांचा खोका बंद केला.

"चौकशीचा कागद मीच लिहिते," ती म्हणाली. "पिंपांपासून सुरुवात करते. माझ्या पिंपापासून."

*

साडेपाचला तिने दिगंबरला सगळं सांगितलं. दिवाळीची पिंपं, बटण, चार हजार. दवाखान्याच्या आवारात कुणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं, त्यांचा किणकिणाट येत राहिला.

"म्हणजे तू येत नाहीस," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"किती वर्षं?"

"तुम्ही रागावलात?"

"मी खिडकी पाडली, वैजू." तो बराच वेळ खोकला. "सहा वर्षं थांबलो, तेव्हा निदान वाटायचं की कंपनीने अडकवलंय. आता कुणावर रागवू ते सांग. तू फोन केला नसतास तर सद्या गेला असता. आणि तू ते पिंप दिलं नसतंस तर..."

त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. तिनेही केलं नाही. ते दोघांच्या मध्ये तसंच राहिलं आणि यापुढेही राहणार आहे, हे दोघांना कळलं.

"गज चार इंचांवर लावा," ती म्हणाली. "मांजर आत येणार नाही."

"मांजराला काय, ते दारातून येतं," तो म्हणाला. मग, "सद्या घरी गेला की मीच येतो तिकडे. तुझ्या बारा पावलांत मावेन का बघ."

बाजूच्या टेबलावरचा फोन वाजला. आवाजाने एक प्रश्न विचारून, उत्तर ऐकून तो तिच्याकडे पाठवला होता. पडद्यावर सेकंद धावू लागले.

"घे," दिगंबर म्हणाला. "तो आधी घे."

तिने मोबाइल खाली ठेवला. एकोणीस वर्षांच्या सवयीने उजवा हात रिसीव्हरकडे गेला. तो तिने थांबवला आणि आधी लाल बटण दाबलं. दिवा लागला. मग रिसीव्हर उचलला.

"हॅलो? हॅलो? बाई, हे पिंपावरचं नाव..." एक म्हातारा पुरुष होता. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"मी वैजयंती साळवी बोलतेय," ती म्हणाली. "मीच. सावकाश सांगा, पिंपात आत्ता काय आहे?"